डफ कुणी लिहून ठेवला?

२०२३च्या एप्रिलमध्ये मराठी रॅपला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी त्याआधीच्या दहा वर्षांत मिळाली नव्हती. ती मिळवून दिली पोलिसांनी. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने राज्यातल्या सत्तांतरावर केलेले रॅप मोबाईलवरून गावोगाव पोचले आणि अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मुंबईत उमेश खाडे याच्या गाण्यावरून वडाळ्यात गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅपवरून चतुःशृंगी पोलीस ठाण्यात आणखी एक. विरोधी पक्षांचे नेते पहिल्या दोघांच्या पाठीशी उभे राहिले, विद्यापीठाने चौकशी लावली, वाहिन्यांवर चर्चा झडल्या. शब्द आक्षेपार्ह आहेत की नाहीत, कुणाला लागले, कायद्याचे कोणते कलम बसते, यावर सगळे बोलले. गाणे म्हणून ते कसे होते, यावर मी वाचलेल्या मजकुरात एक ओळ नव्हती.

मला हा प्रश्न सोडवत नाही. राजकारणाचा भाग चार दिवसांत विरतो. पण आपल्या मुलखात आडवळणाचे, नव्या घडणीचे गाणे आले की त्याला दाद कोण देते, कोणत्या भाषेत देते आणि त्या दादेची नोंद कुठे राहते, ही जुनी गोष्ट आहे. रॅपने ती फक्त पुन्हा वर काढली.

यासाठी गुन्हे दाखल झालेली गाणी फारशी उपयोगाची नाहीत. ती गाजली ती खटल्यामुळे. उपयोगाचे उदाहरण आहे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचे. एकाच गाण्यात मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा वापरणारा हा गट. एमसी मवाली मराठी-हिंदीत म्हणतो. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत म्हणायचा. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपले नाव लिहिताना आधी शंभराचा आकडा मांडतो आणि पुढे र-ब-हची रोमन अक्षरे. आकड्याचा उच्चार ‘सौ’ केला की सौरभ. (कूटाची ही हौस शाहिरांना कळली असती.) विवेक राजगोपालन या मृदंगवादकाच्या ‘ता धोम’ प्रकल्पात यातल्या मुलांनी कर्नाटक संगीतातल्या बोलांच्या हिशेबावर रॅप बसवले. ‘गली बॉय’ चित्रपटातल्या ‘इंडिया ९१’मध्ये ते ऐकू येते. २०१९ साली त्यांचे ‘द वारली रिव्होल्ट’ आले. त्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. नाव १९४५च्या वारली उठावाची आठवण करून देणारे, विषय आरेचा. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत झाडे तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला ती थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडे पडली होती. पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम आला.

‘चेतावनी’ हे सोपे ऐकणे नाही. भाषा मध्येच बदलते, खालचा ठोका एवढा जड की मोबाईलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, आणि पटकन गुणगुणावे असे ध्रुपद हातात यायला वेळ लागतो. याची दखल घेतली ती बहुतेक इंग्रजीने. संगीताच्या मासिकांनी लिहिले आणि आपुलकीने लिहिले, पण भर कशावर? पर्यावरण, आदिवासी, जात, सत्ता. गाण्यात काय म्हटले आहे याचा गोषवारा, दोन ओळींचे भाषांतर, कलाकारांची मुलाखत. मराठी पुरवण्यांत मला बातमी दिसली, परीक्षण नाही. माझ्या ओळखीच्या एका मराठीच्या प्राध्यापकांना मी गाणे पाठवले, तर त्यांचे उत्तर आले, “शब्द पाठवा, मग सांगतो.” उत्तर प्रामाणिक होते. आपली समीक्षा कवितेची वही समोर असल्याशिवाय तोंड उघडत नाही.

उलटी प्रतिक्रिया मला मिळाली आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकला. ते माझे आजोळ. शेजारच्या अवसरी खुर्दला २००९पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. माझा पुतण्या तिथे शिकायचा आणि सुट्टीच्या दिवशी मामूंकडे जेवायला यायचा. मामूंची गोष्ट सांगायला हवी. आम्ही तांबोळी. चैत्र-वैशाखात भैरोबाच्या, खंडोबाच्या यात्रा सुरू झाल्या की मामू जुन्नर-आंबेगाव-खेडच्या गावांतून पानाचे दुकान मांडत फिरायचे. दुकान तमाशाच्या कनातीला लागून, कारण गिऱ्हाईक तिथेच. तिकीट काढून आत जायची चैन त्यांना परवडायची नाही, आणि दुकान सोडून जाता यायचे नाही. त्यामुळे तीसेक वर्षे त्यांनी तमाशा ऐकला तो कापडाच्या अलीकडून. पाहिला क्वचितच. कोणता फड आहे हे ते बोर्ड न बघता ढोलकीवरून सांगायचे.

पुतण्याने जेवणानंतर चांगला स्पीकर जोडून ‘वारली रिव्होल्ट’ लावले. मामू ऐंशीच्या घरात, कान अजून शाबूत. दोनदा ऐकले. मग म्हणाले, “ये तो कटाव है रे.” थोड्या वेळाने, “दम कहाँ लेता है ये छोकरा? पता नहीं चलने देता.” आणि शेवटी तक्रार: ढोलकी नाही, पण हलगीचे काम कुणीतरी करतेय, फक्त ती जमिनीखालून वाजतेय. झाडे, जंगल, सरकार याबद्दल ते काही बोलले नाहीत. विषय त्यांना कळला नव्हता असे नाही, डिंभे धरणात कुणाची गावे गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. पण गाण्याविषयी विचारले तर माणूस गाण्याविषयीच बोलणार, एवढे त्यांना साधे वाटत होते. पुतण्या हसला. मी वहीत लिहून घेतले, कारण या गाण्यावर मी ऐकलेले हे पहिले संगीत-परीक्षण होते.

‘कटाव’ हा शब्द त्यांनी अचूक वापरला होता. कटाव म्हणजे अनुप्रासांची माळ ओवत, श्वासाला जागा न देता, एका दौडीत म्हणायची रचना. अमृतराय (१६९८–१७५३) या औरंगाबादेत राहिलेल्या कवीच्या नावाशी हा प्रकार जोडला जातो. त्यांनी मराठीबरोबर हिंदुस्तानीतही रचना केली. कीर्तनकारांनी कटाव उचलला, तिथून तो शाहिरांकडे आला. रॅपचे पूर्वज शोधताना लोक उठसूट पोवाड्याकडे धावतात. पोवाड्यात कथा असते, वीररस असतो, म्हणून सारखेपणा वाटतो. पण रॅपची खरी कसरत म्हणजे ठोक्याच्या आत किती अक्षरे बसवता आणि कुठे मुद्दाम मागे राहता, ही आहे. तिचा मराठीतला जुना हिशेब कटावात आहे.

दुसरा पूर्वज सवाल-जवाब. कलगीवाले शक्तीला मोठे म्हणणार, तुरेवाले शिवाला. रात्रभर एकमेकांना कोडी घालायची, अडकलेला हरला. रॅपवाले ज्याला ‘बॅटल’ म्हणतात ते हेच. या दोन पंथांची जी उत्पत्तिकथा मध्य भारतात सांगितली जाते तिच्यात तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा सामना झाला आणि चंदेरीच्या राजाने खूश होऊन एकाला तुरा, एकाला कलगी दिली. कथा कथेच्या जागी. पण तिने एक गोष्ट धरून ठेवली आहे: या खेळाच्या मुळाशी एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर बसलेले लोकांना स्वाभाविक वाटत होते, आणि भांडण धर्माचे नव्हते, कोड्याचे होते.

आमचा हा टापू तसा गाण्याच्या बाबतीत श्रीमंत. मंचरहून नारायणगाव जवळ. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच, सरपंच यात्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग यांचा फड तिथला, विठाबाई तिथल्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि अखेरच्या दिवसांत, २००२च्या आधी, औषधपाण्याला लोकांनी मदत करावी लागली. त्यांच्यावर लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. पोटुशी असताना बोर्डावर नाचल्या, बाळंत होऊन परत आल्या, ही गोष्ट प्रत्येक लेखात असते. त्यांचा आवाज कसा होता, त्या लावणीत ठेका कुठे सोडायच्या, याच्यावर मात्र लेखक पुढे सरकतात. मामू सरकत नसत.

थोडे मागे जाऊ. उत्तर पेशवाईत सगनभाऊ (१७७८–१८५०) नावाचा शाहीर होऊन गेला. जेजुरीचा, मुसलमान, धंदा शिकलगाराचा. तलवारींना धार लावणारा हा माणूस लावण्यांना लावी. खर्ड्याच्या लढाईवर आणि पेशवाईच्या शेवटावर त्याने पोवाडे रचले. ज्या राज्याची शस्त्रे परजली त्याच राज्याच्या बुडण्यावर त्याने गायले. होनाजी बाळा हा त्याचा प्रतिस्पर्धी. दोघांच्या फडांची चढाओढ त्या काळच्या पुण्याला ठाऊक होती. होनाजी आज सामान्य मराठी माणसाला आठवतो तो १९५१च्या शांतारामबापूंच्या ‘अमर भूपाळी’मुळे, म्हणजे खरे तर वसंत देसाईंच्या चालीमुळे. सगनभाऊ शाहिरी वाङ्मयाच्या पुस्तकांत राहिला. त्याच्या रचना छापील मिळतात, अभ्यासक त्याच्या शृंगारावर नाक मुरडतात किंवा त्याच्या देशभक्तीचे कौतुक करतात. मुसलमान असून किती छान मराठी, असे आश्चर्यही अधूनमधून भेटते. या आश्चर्याचा मला कंटाळा आला आहे. शिकलगार पुण्यात राहून मराठीत गाणार नाही तर कशात गाणार?

त्याच्या समोर बसलेल्यांनी काय ऐकले, हे कागदावर आले नाही. इथे दोन माणसांचे नाव घ्यायला हवे: हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम. ॲक्वर्थ मुलकी सेवेतला इंग्रज अधिकारी, मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. दोघांनी मिळून गोंधळ्यांच्या, शाहिरांच्या तोंडून पोवाडे मिळवले आणि १८९१ साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे पुस्तक काढले. पुढे १८९४मध्ये ॲक्वर्थने काहींचे इंग्रजी भाषांतर छापले. हे काम झाले नसते तर आपण फार गमावले असते. पण त्यांच्या पुस्तकात आले ते शब्द. डफ आला नाही, तुणतुणे आले नाही, झीलकरी ‘जी जी’ कुठे आणि किती लांब ओढायचे ते आले नाही. त्यात त्यांचा दोष नाही, ध्वनिमुद्रण भारतात आले १९०२च्या सुमारास. दोष नंतरच्यांचा. पुस्तक हेच गाणे आहे असे आम्ही धरून चाललो, आणि शंभर वर्षे शाहिरीची समीक्षा म्हणजे छापील ओळींचा अर्थ सांगणे, असे ठरून गेले. (वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही ॲक्वर्थच्या नावाने ओळखले जाते. शाहिरांचे शब्द कागदावर आणणाऱ्याच्या नावाचे ठिकाण जिथे आहे, त्याच वडाळ्यात एका रॅपरचे शब्द प्राथमिक खबरीच्या कागदावर आले. योगायोगच, पण मला विसरता येत नाही.)

शब्दांवर नजर ठेवणारा दुसरा वाचक म्हणजे सरकार. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळ गंगाधर खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ओरड झाली, कलावंतांची पोटे त्यावर होती. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली आणि खेळ पुन्हा सुरू झाले ते संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. गंमत अशी की तमाशात संहिता हा प्रकार नव्हता. गण झाला, गवळण झाली, की बतावणीत सोंगाड्या समोरच्या गावचा सरपंच, तलाठी, सावकार बघून जागच्या जागी बोलणार. ते लिहून कसे द्यायचे? फडवाल्यांनी वह्या भरून दिल्या, तपासणाऱ्यांनी शिक्के मारले, आणि बोर्डावर सोंगाड्या पूर्वीसारखाच बोलत राहिला. अण्णाभाऊ साठ्यांनी तर तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणून नावच बदलले. नाटकाच्या संहिता तपासणारे मंडळ महाराष्ट्रात अजून आहे.

अण्णाभाऊंबरोबर लाल बावटा कलापथकात होते अमर शेख. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६, मृत्यू १९६९ मध्ये अपघाती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना हजारो लोक आधी अमर शेखांसाठी जमत, भाषणांसाठी नंतर थांबत. त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या टोकाला पोचायचा, असे सांगणारी माणसे आमच्या लहानपणी घरोघर होती. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह निघाले तेव्हा समीक्षकांनी त्यांना कवी म्हणून तोलले, आणि घोषणांचा कवी, प्रचाराचा कवी असे मोजमाप करणारेही निघाले. छापील पानावर त्यांच्या काही रचना खरोखर ओबडधोबड वाटतात. वाटणारच. चढत्या सुरात, हजारोंच्या मध्ये, डफाच्या थापेवर त्या शब्दांचे जे व्हायचे ते पानावर होत नाही. गायकाला पानावर उभे करून उंची मोजायची आणि मग तो बुटका म्हणायचा.

अमेरिकेत हे वेगळे घडले असे म्हणता येणार नाही. तिथल्या सरकारनेही शब्दच वाचले. एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसांविरुद्धच्या गाण्यावरून ऑगस्ट १९८९मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिले. पण तिथे या सरकारी वाचनाच्या शेजारी आणखी एक वाचन उभे राहिले. २००४च्या मार्चमध्ये ‘मॅडव्हिलनी’ नावाचा अल्बम आला. संगीत मॅडलिबचे, शब्द आणि आवाज लोखंडी मुखवटा घालून वावरणाऱ्या एमएफ डूमचे. ४६ मिनिटांत २२ तुकडे, बहुतेकांना ध्रुपद नाही, गाणे पकडीत येते न येते तोच संपते. त्याचा कच्चा खर्डा वर्षभर आधीच फुटून इंटरनेटवर पसरला होता. डूमने नंतर आपला आवाज पुन्हा मुद्रित केला, आधीपेक्षा खालच्या पट्टीत, सुस्त, जणू नुकताच झोपेतून उठलेला. खर्डा ऐकलेल्या काहींना हे मुळीच आवडले नाही आणि वर्षानुवर्षे ‘जुना आवाजच बरा’ म्हणणारा एक पंथ टिकून राहिला. आणखी एक कलगी-तुरा. विक्रीच्या यादीत अल्बम १७९ व्या क्रमांकापर्यंतच चढला. परीक्षणे मात्र भरभरून आली, आणि त्यांत रेकॉर्डची खरखर, आवाजाची पट्टी, तुकड्यांची लांबी, कुठल्या जुन्या तबकडीचा कोणता कोपरा कापला आहे, यावर परिच्छेदच्या परिच्छेद होते. कापलेल्या तबकड्यांत आपल्या राहुलदेव बर्मनचीही एक आहे. आमच्याकडच्या चित्रपटसंगीताचा तुकडा कॅलिफोर्नियात कोणत्या जागी बसला, हे मला त्या लिखाणामुळे कळले. ऐकलेले लिहिता येते, याचा हा पुरावा.

आता घरातले बोलतो. मराठी मुसलमानाच्या घरात गाण्यावर जी प्रतिक्रिया येते तिला तिसराच रंग असतो. शब्द काय, सूर काय, मुळात हे करावे का? कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४च्या सुरुवातीला ‘आफत’ काढले ते आयपॅडवर, घरच्या घरी. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचे ‘मेरे गल्ली में’ आले आणि मुंबईचे रॅप घराघरात गेले. ‘गली बॉय’ या दोघांच्या आयुष्यावरून सुचला. तो चित्रपट यायच्या सुमारास नेझी काही काळ गाण्यापासून बाजूला झाला होता. दीन आणि गाणे यांच्या ओढाताणीबद्दल तो मुलाखतींतून बोलला आहे. २०२०मध्ये परतला तेव्हा अल्बमचे नाव ‘मगरिब’. सूर्यास्ताच्या नमाजाचे नाव गाण्याच्या अल्बमला देणे, हे काहींना खटकले आणि काहींना त्यात त्या ओढाताणीचा शेवट नाही, तर तिची कबुली दिसली. मी दुसऱ्यांत. समा हलाल की हराम हा वाद आपल्याकडे आठशे वर्षे चालू आहे आणि तेवढीच वर्षे दर्ग्यांवर कव्वाली चालू आहे. मामू पाचवेळचे नमाजी. तमाशाच्या कनातीला टेकून पान लावताना इशाची वेळ झाली की दुकान शेजाऱ्याच्या हवाली करून ते बाजूला जाऊन नमाज पढायचे आणि परत यायचे. याबद्दल त्यांना कुणी कधी विचारले नाही. त्यांनी स्वतःला विचारले असेल, पण उत्तर कुणाला सांगितले नाही.

या वादाचा एक फायदा तरी होता, असे मला आता वाटते. समा ऐकावा की नाही यावर भांडणाऱ्या आलिमांना आणि सुफींना सुराची ताकद मान्य होती. डफ चालेल, बासरी चालेल का, तारेचे वाद्य चालेल का, असा वाद्यावाद्याचा हिशेब त्यांनी केला. विरोध करणाराही कान देऊन विरोध करत होता. २०२३च्या फिर्यादींमध्ये कान कुठेच नव्हता. आणि खरी अडचण पुढे आहे. मुंगासेच्या बाजूने जे बोलले त्यांनीही कान दिला नाही. एकाने शब्द उचलून गुन्हा दाखल केला, दुसऱ्याने तेच शब्द उचलून पाठ थोपटली. माझे मत विचाराल तर गाणे म्हणून ते साधारण होते. ठोका बाजारातला, चाल सरळ, सगळे बळ एका राजकीय टोमण्यात. त्याला ते गायचा पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी पोलीस दारात येणे लाजिरवाणे आहे. पण हक्काची बाजू घेताना कलेचे मोजमाप सोडून दिले, तर ‘चेतावनी’सारख्या कामाला आपल्याकडे जागाच उरत नाही. त्यात उचलून धरावा असा एकच टोमणा नाही, त्यामुळे ना फिर्याद होते ना सत्कार. ज्या गाण्यावर खटला होत नाही ते मराठी वर्तमानपत्राच्या दृष्टीने झालेच नाही.

यावर एक उत्तर मला वारंवार मिळते, की रॅप म्हणजे मुळात शब्दच, ठोका काय, संगणक देतो. हे म्हणणारे ढोलकीवाल्यालाही हेच म्हणत असत: तो काय, नुसती साथ करतो. ढोलकी-हलगीची सलामी झाल्याशिवाय तमाशाचा गण सुरू होत नाही, आणि त्या सलामीलाच लांबच्या वस्तीवरचे लोक चपला घालून निघतात. शब्द अजून सुरू व्हायचे असतात.

धर्मेश परमार, एमसी तोडफोड, याचा स्वतःचा पहिला अल्बम ८ मार्च २०२२ रोजी आला. नाव ‘ट्रुथ अँड बास’. सत्य आणि त्याच्या शेजारी, बरोबरीने, खालचा जड ठोका. त्यानंतर बाराव्या दिवशी तो गेला. वय २४. बातम्यांत तो ‘गली बॉयमधला रॅपर’ म्हणून आला, चित्रपटातल्या मोठ्या नावांनी शोक व्यक्त केला, आणि अल्बमचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात. अवसरीच्या वसतिगृहात पुतण्या आणि त्याच्या खोलीतली मुले तो महिनाभर लावत होती. एक बीडचा, एक नांदेडचा, एक इथलाच निरगुडसरचा. गुजराती एकालाही येत नाही.